पाणी सोडणाऱ्याचा फोटो

आपला एवढा मोठा फोटो यशपाल सरवदेनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो गुरुवारी सकाळी साडेसातला, नीलकमल कॉलनीच्या गेटवर. चार फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स होता. फोटो वरून काढलेला आणि धुरकट. डोक्याला मफलर, खांद्यावर लांब लोखंडी गज, मागं अंधार. कोपऱ्यात वेळ होती, चार वाजून बावन्न मिनिटं. वर लाल अक्षरांत ‘सावधान!’ आणि खाली, ‘सदर संशयित इसम पहाटे कॉलनीत फिरताना आढळला आहे. दिसल्यास त्वरित कळवा.’ त्याखाली कॉलनीचे अध्यक्ष वेणीमाधव कासेगावकर यांचा मोबाईल नंबर.

यशपालनं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि जवळ जाऊन फोटो पाहिला. चेहरा ओळखण्यासारखा नव्हताच. मफलर मात्र त्याचाच होता. आईनं गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला. आणि खांद्यावर होता तो गज नव्हता, चावी होती.

जुळे सोलापुरातल्या ह्या भागाला पाचव्या दिवशी पाणी येतं. येतं म्हणजे कुणीतरी ते सोडतं. जमिनीखालच्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह असतो. तो फिरवायला छातीएवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी लागते, आणि ती फिरवणाऱ्याला चावीवाला म्हणतात. यशपाल आठ महिन्यांपासून कंत्राटावर चावीवाला होता. त्याच्या आधी एकोणीस वर्षं गुरप्पा होता. गुरप्पा व्हॉल्व्ह उघडला की सायकलची घंटी वाजवत, ‘पाणी आलं होऽ’ असं ओरडत कॉलनीला एक चक्कर मारायचा. कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाचा म्हातारा दवाखान्यात आहे, सगळं त्याला ठाऊक. दिवाळीला त्याची सायकल फराळाच्या पिशव्यांनी एका बाजूला कलायची.

तो निवृत्त झाला त्याच सुमारास पाण्याचं वेळापत्रक मोबाईलवर यायला लागलं. ओरडायचं कारण उरलं नाही. मुकादमानंही यशपालला सांगितलं होतं, उगाच लोकांच्या झोपा मोडत बसू नको. त्यामुळं तो पहाटे यायचा, कॉलनीच्या मागच्या बोळात चेंबरचं झाकण सरकवायचा, व्हॉल्व्ह उघडून पुढच्या भागात निघून जायचा आणि दिवस वर आल्यावर बंद करायला परत यायचा. आठ महिने बेचाळीस घरांनी त्यानं सोडलेलं पाणी भरलं होतं, आणि त्याची दखल घेतली होती ती फक्त कोपऱ्यावरच्या नव्या कॅमेऱ्यानं.

तो फ्लेक्स वाचत असतानाच मुकादमाचा फोन आला.

“नीलकमलला काय लफडं केलंस रे?”

“काय न्हाय केलं साहेब. माझाच फोटो लावलाय हितं. हातात चावी हाय, त्यांना गज वाटतोय.”

“मला कळतंय. पण साहेबांच्या टेबलावर अर्ज आलाय, फोटोसकट. ‘गेल्या शनिवारी पाण्याच्या वेळी फिरणाऱ्या इसमानं घरासमोरील मौल्यवान वस्तू चोरली.’ अध्यक्षाची सही आहे. सोमवारी नव्या वर्षाच्या कंत्राटाची यादी जाणार. साहेब म्हणाले, ज्याच्यावर चोरीचा अर्ज त्याचं नाव मी कसं घालू?”

“मग मी काय करू?”

“कॉलनीचं पत्र आण, हा माणूस तो नाही म्हणून. सोमवारी अकरापर्यंत.”

यशपालनं फोन खिशात टाकला. गेल्या शनिवारची मौल्यवान वस्तू कोणती, हे त्याला लगेच कळलं होतं. कासेगावकरांच्या बंगल्यापुढची पाण्याची मोटर. ती कुणी नेली, हेही त्यानं पाहिलं होतं. त्या दिवशी तो व्हॉल्व्ह बंद करायला आला, तेव्हा महापालिकेच्या पथकाचा टेम्पो कासेगावकरांच्या दारात उभा होता. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायला मनाई आहे, कारण एकानं ओढलं की पुढच्या चार घरांत नुसती हवा येते. पथकातल्या माणसांनी मोटर काढली, टेम्पोत टाकली, बेल वाजवली. दार कुणी उघडलं नाही, तेव्हा त्यांनी एक कागद फाटकावरच्या टपालपेटीत सरकवला आणि ते गेले.

घरी आल्यावर त्यानं हे सांगितलं तेव्हा गुरप्पा तिथंच चहा पीत बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो आठवड्यातून एकदा यायचाच.

“अरे तम्मा, सोपं हाय,” गुरप्पा म्हणाला. “दोन पाळ्या व्हॉल्व्ह उघडू नको. तिसऱ्या पाळीला फ्लेक्स काढून तुला हार घालत्यात.”

“आन चौथ्या पाळीला कामावरनं काढत्यात,” मनकर्णा म्हणाली. यशपालची आई वीस वर्षं एका शाळेत साफसफाईला होती. अर्ज, सही, शिक्का यांचं वजन तिला माहीत होतं. “तू तितं जाऊ नको. मोठ्या लोकांत एकदा चोर म्हणलं की म्हणलं. आपण दारात गेलो तर म्हणतील, पाय आले बघा चोराचे.”

“न्हाय गेलो तर सोमवारी काम जातंय, आई.”

“मग जा. पण चिडून बोलू नको. आन मफलर घरी ठेव.”

मफलर त्यानं पिशवीत घातला.

रविवारी दहाला कॉलनीची सभा होती. फ्लेक्सच्याच खाली त्याची सूचना चिकटवलेली होती: ‘विषय: कॉलनीची सुरक्षितता.’ मंदिरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये यशपाल पावणेदहाला पोचला. चावी त्यानं शेडबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. भेटायचं होतं अध्यक्षांना, पण ते माईक जुळवत होते. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “अहो खुर्चीवाले, दहा कमी पडतायत. मंदिरामागं आहेत बघा.”

यशपालनं इकडं तिकडं पाहिलं. खुर्चीवाला तोच होता. त्यानं मंदिरामागून दहा खुर्च्या आणल्या, ओळीत लावल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. पुढच्या ओळीतला माणूस मोबाईलवर त्याचाच फोटो बोटांनी मोठा करून बायकोला दाखवत होता. “भुवया बघ. सराईत आहे.”

कासेगावकर बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मुद्देसूद. जानेवारीत एक स्कूटर गेली. फेब्रुवारीत इंद्रायणीताईंच्या गळ्यातली चेन ओढायचा प्रयत्न झाला. आणि गेल्या शनिवारी आमच्या घरापुढून एक वस्तू गेली. तेव्हा प्रस्ताव असा की मागच्या बोळाला लोखंडी गेट बसवावं आणि रात्री दहा ते सकाळी सात कुलूप लावावं. बाहेरची सगळी ये-जा तिथूनच होते.

“कुलपानं काय होणार?” मानसिंग उठून म्हणाला. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्याची. “माणूस ठेवा. टेंभुर्णीकडचा एक पैलवान आहे माझ्या ओळखीचा. काठी घेऊन उभा राहिला की कुत्रंसुद्धा वळून जातं.”

“गणपतीत ठेवलेला तोच का?” मागून आवाज आला. “तो तुमच्या गिरणीत डब्यावर डोकं टेकून घोरत होता.”

हसणं विरलं तशी इंद्रायणी उभी राहिली. ती नर्स होती. दुसरी पाळी असली की रात्री साडेदहाला घरी यायची.

“माझा स्टॉप बोळाच्या तोंडाशी आहे. बोळातून घर चार मिनिटं. गेट लावलं तर मला मोठ्या रस्त्यानं वळसा, त्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरून. माझी चेन ओढली ती बोळात नाही, पंपापाशी. त्या दिवशी रिक्षा मिळाली म्हणून मी तिकडून आले होते.”

“अहो ताई, हे तुमच्यासाठीच तर चाललंय,” कासेगावकर म्हणाले.

“माझ्यासाठी चाललंय, पण मला विचारलं कुणी?”

कासेगावकरांनी कागद खालीवर केले. पहिल्या रांगेतून प्रभाबाई उठल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्या उभ्या राहिल्या की अजूनही लोक मोबाईल खाली ठेवायचे.

“आपल्या भिंती कमरेएवढ्या होत्या तेव्हा कोण आलं, कोण गेलं, दिसत होतं. आता सगळ्यांनी सहा फूट केल्या. चोराला चढायला मिनिट लागतं, आणि एकदा आत उतरला की तो दिसत नाही कुणाला. बोळातले तीनही दिवे दिवाळीपासून बंद आहेत. आधी ते लावा.”

“बाई, तुमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय? पुस्तकं!”

“वाचणारा चोर आला तर मी त्याला चहा करून देईन, वेणीमाधव. दिव्याचं बोला.”

दिव्याचं बोलणं दहा मिनिटं चाललं. एकजण म्हणाला, दिवे लावले की पोरं तिथं बसतात. दुसरा म्हणाला, बसू देत की, माणसं असली म्हणजे बरं. तिसऱ्याला बाहेरचं कुणीच नको होतं, भाजीवालासुद्धा. शेवटी कासेगावकरांनी हात वर करायला सांगितले. गेटच्या बाजूनं एकोणीस, विरोधात चौदा. प्रस्ताव मंजूर.

यशपालनं आत्तापर्यंत एक शब्द काढला नव्हता. अध्यक्षांना बाजूला घेऊन पत्र मागायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण ‘मंजूर’ म्हटलं आणि तो उभा राहिला, कारण ही गोष्ट आता सांगितली नाही तर कुलूप लागल्यावर पाण्याचा घोटाळा होणार होता.

“साहेब, त्या कुलपाची एक किल्ली मला लागंल.”

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

“तुम्हाला कशाला?” कासेगावकर म्हणाले. “खुर्च्या तर पुढच्या गेटनं येतात.”

“मी खुर्चीवाला न्हाय. चावीवाला हाय, पाण्याचा. तुमच्या कॉलनीचा व्हॉल्व्ह त्या बोळात हाय. पाळी पाचची असली की मला पाचला तितं लागतंय. कुलूप असलं तर पाणी न्हाय.”

शेडमध्ये कुजबूज उठली. बेचाळीस घरांतल्या एकालाही व्हॉल्व्ह कुठं आहे ते माहीत नव्हतं.

“आणि गुरप्पा?” प्रभाबाईंनी विचारलं.

“रिटायर झाला की, बाई. आठ महिने झाले.”

“मला वाटलं गावाला गेलाय.” प्रभाबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “पाणी येतच होतं, म्हणून...”

“कशावरून चावीवाला?” तो भुवया ओळखणारा माणूस म्हणाला. “ओळखपत्र आहे? नाव काय?”

“यशपाल सरवदे.”

आडनाव ऐकून दोन-तीन नजरा एकमेकींकडं गेल्या आणि परत आल्या. यशपालला त्या ओळखीच्या होत्या. त्यानं ओळखपत्र पुढच्याच्या हातात दिलं, पिशवीतून मफलर काढला, डोक्याला गुंडाळला आणि भिंतीला टेकवलेली चावी खांद्यावर घेऊन गेटवरच्या फ्लेक्सशेजारी जाऊन उभा राहिला. शेडमधून दोन्ही दिसत होते.

इंद्रायणी म्हणाली, “अगंबाई, ह्यांना तर मी ओळखते. सकाळच्या पाळीला निघताना बोळात दिसतात. मला वाटलं चोर शोधतायत ते दुसरंच कुणी.”

“म्हणजे फोटो यांचा,” कासेगावकर म्हणाले. ते पुढं आले होते. चेहरा उतरलेला, पण प्रश्न सुटला नव्हता. “ठीक आहे. मग माझी मोटर कुणी नेली?”

“मोटर?” प्रभाबाईंनी चष्मा सारखा केला. “मघाशी तर नुसतं ‘एक वस्तू’ म्हणालात तुम्ही. पोलिसांत तक्रार दिलीत का?”

“नाही.”

“का?”

तक्रार का दिली नाही, ते शेडमधल्या निम्म्या लोकांना कळलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या.

हीच वेळ होती. तीन दिवस यशपालनं हे वाक्य मनात घोळवलं होतं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. फ्लेक्स जेवढा मोठा, तेवढ्याच मोठ्यानं. तोंड उघडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की समोरचा म्हातारा माणूस हातातले कागद उगाच पुन्हा पुन्हा जुळवतोय. चिडून बोलू नको, असं आई म्हणाली होती. तो चिडलेला होताच. तरी तो दोन पावलं पुढं गेला आणि फक्त कासेगावकरांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सर, फाटकावरची टपालपेटी उघडून बघा. शनिवारी कागद टाकलाय त्यात.”

कासेगावकरांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि ते चालायला लागले. शेड सोडून सगळी सभा मागोमाग गेली. बंगला चौथाच होता. टपालपेटीची किल्ली कधीच हरवलेली. बिलं मोबाईलवर यायला लागल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. यशपालनं चावीचं टोक फटीत घालून जरासा जोर दिला. दार निघालं आणि तीन वर्षांच्या जाहिराती, एक सुकलेली पाल आणि वर एक पिवळा कागद बाहेर पडला.

कासेगावकरांनी तो मनात वाचला. घडी करून खिशात घालता आला असता. आत काय आहे हे त्यांच्याशिवाय आणि यशपालशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि बँकेत सूचना वाचावी तसा मोठ्यानं वाचला.

“‘नळजोडास थेट विद्युत मोटर बसवून पाणी ओढत असल्याचे आढळल्याने मोटर जप्त करण्यात आली आहे. सात दिवसांत झोन कार्यालयात खुलासा करावा.’ म्हणजे मी ज्या कार्यालयात चोरीचा अर्ज दिला, तिथंच माझी मोटर पडून आहे.”

“ऑफिसच्या गेटच्या आतच ठेवलीय,” यशपाल म्हणाला. “तुमच्या मोटरवर चुन्यानं सतरा नंबर टाकलाय.”

सगळ्यात आधी मानसिंग हसला. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय असलेला माणूस, हसणंही तसंच. प्रभाबाई त्याच्याकडं वळल्या. “तुमची कुठं असते, मानसिंग? पिठाच्या पोत्यामागं?” तसं त्याचं हसणं जागच्या जागी थांबलं आणि बाकीच्यांचं सुरू झालं. त्यात कासेगावकरही होते, थोडे उशिरा.

यशपालनं सोमवारच्या यादीचं सांगितलं, आणि पत्र तिथंच, कासेगावकरांच्या पडवीत लिहिलं गेलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, “गैरसमजातून अर्ज देण्यात आला...” प्रभाबाईंचा पेन थांबला.

“गैरसमज दोघांचा असतो. यांचा काय समज होता?” त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘चूक आमची आहे.’

कासेगावकरांनी दोनदा वाचलं. मग सही केली आणि पेन खाली न ठेवता म्हणाले, “मी उद्या स्वतः येतो झोनला. मोटरचा खुलासाही द्यायचाच आहे.”

यशपालनं पत्राची घडी घातली. मग तो म्हणाला, “टपालपेटीचं दार लावून देऊ का? बिजागरी निघालीय.”

हात पुन्हा वर केले गेले तेव्हा गेटच्या बाजूनं सहाच उरले. पाण्यासाठी किती बदलले, इंद्रायणीसाठी किती आणि लाजेनं किती, हे कुणी मोजलं नाही. बोळातल्या तीन दिव्यांचा अर्ज द्यायचं ठरलं. पैलवानाचा विषय मानसिंगनं पुढच्या सभेसाठी राखून ठेवला. जानेवारीतली स्कूटर मात्र अजून सापडलेली नाही, आणि बंद पंपापुढून जायला लोक अजून घाबरतात. ते उगाच नाही.

निघताना प्रभाबाईंनी यशपालला थांबवलं.

“पाणी सोडलं की ओरडत का नाही तुम्ही?”

“मोबाईलवर मेसेज येतोय की, बाई.”

“मेसेज पाण्याचा येतो. माणूस आलाय ते आम्हाला कसं कळायचं? ओरडत जा.”

“मला न्हाय जमायचं. लाज वाटती.”

“मला पहिल्या दिवशी वर्गात वाटली होती. दुसऱ्या दिवशी गेली.”

सोमवारी कासेगावकर झोन कार्यालयात गेले, सतरा नंबरच्या मोटरशेजारून वर चढले आणि साहेबांपुढं पत्र ठेवलं. मुकादमाचा फोन आला तेव्हा मनकर्णा भाकरी थापत होती. “नाव गेलं यादीत,” यशपाल म्हणाला. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसला आणि म्हणाली, “त्या बाईला आपल्या घरची शेंगाचटणी नेऊन दे.”

मंगळवारी पाळी सहाची होती. नुकतं उजाडत होतं. यशपालनं बोळात झाकण सरकवलं, चावी लावली आणि फिरवली. जमिनीखाली पाणी धावल्याचा आवाज आला. तो मोटरसायकलवर बसला, कॉलनीच्या मधोमध आला आणि घसा खाकरला.

“पाणी आलं होऽ!”

आवाज फाटला. एका कुत्र्यानं मान वर केली. मग एक खिडकी उघडली, दुसरी उघडली. इंद्रायणी कामावर निघाली होती, तिनं हात केला. प्रभाबाई फाटकात उभ्या होत्या. चटणीचा डबा घेता घेता त्या म्हणाल्या, “उद्यापर्यंत सुधारेल.”

“उद्या न्हाय बाई, रविवारी.”

गेटवरचा फ्लेक्स कुणीतरी उलटा करून बांधला होता. मागच्या पांढऱ्या बाजूवर प्रभाबाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आपले पाणी सोडतात: श्री. यशपाल सरवदे.’ खाली त्याचा मोबाईल नंबर. ऊन पडलं की फ्लेक्समधून मफलरवाल्याची सावली थोडी दिसत होती.

तो ते वाचत असतानाच फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. ह्याच फ्लेक्सच्या दुसऱ्या बाजूला छापलेला.

“यशपाल, मी कासेगावकर बोलतोय. अहो, आज प्रेशर फारच कमी आहे हो.”

“मोटर नसली की तेवढंच असतंय, सर,” यशपाल म्हणाला. “बादली लावा. भरंल हळूहळू.”

त्यानं फोन ठेवला. तोवर दुसरा वाजायला लागला होता.